दंतवल्काची घडण

मुलाला सहावे-सातवे वर्ष लागले की पटाशीचा एखादा दुधाचा दात हलू लागतो. काही दिवसांनी तो पडतो. पडलेला दात छपरावर फेकून नव्या दाताची वाट पाहण्याची चाल आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी आहे. मग एके दिवशी हिरडीतून नव्या दाताची पांढरी कड डोकावते आणि घरातील माणसांना वाटते की, हा दात आता घडू लागला. वस्तुतः तसे नसते. जी कड आज दिसू लागली, तिच्यावरील कठीण कवच मूल चार-पाच वर्षांचे होईतोपर्यंतच पुरे झालेले असते. त्या कवचाचा पहिला थर तर मूल तीन-चार महिन्यांचे, पाळण्यात असताना, जबड्याच्या हाडाच्या आत घातला गेलेला असतो.

या कवचाला दंतवल्क असे नाव आहे. हाड मोडले तर ते सांधते. कातडी कापली तर जखम भरून येते. दंतवल्क मात्र एकदा झिजले अथवा फुटले की शरीर ते पुन्हा निर्माण करू शकत नाही. कारण ते घडविणाऱ्या पेशी दात तोंडात येईपर्यंत आपले काम संपवून नाहीशा झालेल्या असतात. बालपणीच्या थोड्या वर्षांत जे कवच तयार होते, तेच जन्मभर पुरवावे लागते. म्हणून त्यात खनिजे केव्हा व कशी भरली जातात, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांच्या जिज्ञासेचा नाही; तो प्रत्येक घराचा आणि गावातील प्रत्येक विहिरीचा आहे.

दंतवल्क कशाचे बनलेले असते?

मानवी शरीरात दंतवल्काइतका कठीण पदार्थ दुसरा नाही. पूर्ण वाढ झालेल्या दंतवल्काच्या वजनापैकी सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो; उरलेला भाग पाणी व अत्यल्प सेंद्रिय द्रव्ये यांचा. याच्या आत दंतिन नावाचा दाताचा मुख्य भाग असतो. त्यात खनिजाचे प्रमाण सुमारे ७० टक्के असते. हाडात ते याहूनही कमी असते. दाढेच्या उंचवट्यांवर दंतवल्काची जाडी सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंत असते आणि हिरडीजवळ ती कमी होत होत अगदी पातळ होते.

या खनिजाचे नाव हायड्रॉक्सिॲपेटाइट. कॅल्शियम, फॉस्फेट व हायड्रॉक्सिल हे त्याचे घटक होत. कॅल्शियमचे १०, फॉस्फेटचे ६ आणि हायड्रॉक्सिलचे २ अशा प्रमाणात ते एकत्र येऊन त्यांचा स्फटिक बनतो. दंतवल्कातील स्फटिक मात्र अगदी शुद्ध नसतात. त्यांत फॉस्फेटच्या काही जागा कार्बोनेटने घेतलेल्या असतात व त्यामुळे ते अम्लात थोडे अधिक सहज विरघळतात.

हे स्फटिक अतिशय बारीक व लांब असतात. पक्व स्फटिकाची रुंदी सुमारे ६० ते ७० नॅनोमीटर व जाडी सुमारे २५ नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग होय. असे हजारो स्फटिक एका दिशेने शेजारी शेजारी रचले जाऊन त्यांची एक कांडी बनते. कांडीची जाडी सुमारे ५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतकी असते. दंतिनापासून निघून दाताच्या पृष्ठभागाच्या दिशेने जाणाऱ्या अशा असंख्य कांड्या परस्परांत गुंतून दंतवल्क तयार होते. नुसता खनिजाचा खडा ठिसूळ असतो. परंतु कांड्यांच्या या गुंतवणीमुळे दंतवल्क चावण्याचे आघात वर्षानुवर्षे सोसू शकते.

दाताची कळी

गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा असताना त्याच्या भावी तोंडाच्या अस्तराची एक पट्टी आत दाबली जाऊन जाड होऊ लागते. या पट्टीवर ठिकठिकाणी उंचवटे येतात. त्या दातांच्या कळ्या होत. पुढे कळी टोपीसारखी व नंतर घंटेसारखी दिसू लागते. घंटेचा आकार आला म्हणजे दाताच्या माथ्याचा आराखडा ठरला असे समजावे.

या घंटेच्या आतल्या कडेवर दोन प्रकारच्या पेशी एकमेकींसमोर उभ्या ठाकतात. आतील बाजूच्या पेशी दंतिन तयार करतात. बाहेरील बाजूच्या पेशी दंतवल्क तयार करतात. या दुसऱ्या पेशींना आपण दंतवल्कजनक पेशी म्हणू. कामाचा क्रम ठरलेला असतो. प्रथम दंतिनाचा पातळ थर पडतो आणि त्यावर लगेच दंतवल्काचा पहिला थर बसतो. मग दोन्ही पेशी परस्परांपासून दूर सरकू लागतात. दंतिनाच्या पेशी आत, दाताच्या गराकडे जातात. दंतवल्कजनक पेशी बाहेर, भावी पृष्ठभागाकडे जातात. दूर सरकताना त्या आपल्यामागे आपापला पदार्थ सोडीत जातात. दुधाच्या पटाशीच्या दातांत हे काम गर्भधारणेनंतर सुमारे साडेतीन ते चार महिन्यांनी सुरू होते.

पहिली अवस्था : आराखडा उभारणे

दंतवल्काची घडण मुख्यतः दोन अवस्थांत होते. पहिल्या अवस्थेत दंतवल्काची पूर्ण जाडी गाठली जाते. परंतु त्याला कठीणपणा येत नाही. दुसऱ्या अवस्थेत जाडी वाढत नाही. कठीणपणा मात्र येतो. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

पहिल्या अवस्थेत दंतवल्कजनक पेशी उंच व सडपातळ असते. तिच्या टोकाला शंकूसारखा एक भाग असतो; सर जॉन टोम्स या इंग्लिश दंतवैद्याच्या घराण्याचे नाव त्याला मिळाले आहे. या टोकातून ती पेशी प्रथिने बाहेर टाकते. त्यांपैकी सुमारे ९० टक्के प्रथिन अमेलोजेनिन या एकाच प्रकारचे असते. अमेलोब्लास्टिन व एनॅमेलिन ही उरलेल्यांपैकी प्रमुख होत. प्रथिनांच्या या मऊ, ओल्या द्रव्यात खनिजाच्या अत्यंत पातळ फिती दिसू लागतात. पेशी जसजशी मागे सरकते, तसतशा या फितीही तिच्या पाठोपाठ लांब होत जातात. रुंदी व जाडी मात्र जवळजवळ वाढत नाही. दोन फितींमधील जागा प्रथिने व पाणी यांनी भरलेली असते. त्यामुळे फिती एकमेकींना चिकटत नाहीत व त्यांची दिशाही बिघडत नाही. या वेळी दंतवल्कात वजनाच्या सुमारे ३० टक्केच खनिज असते आणि त्याचा स्पर्श कठीण नसून खव्यासारखा मऊ असतो.

मनुष्याच्या दातात हा थर दिवसाला सुमारे ४ मायक्रॉन या गतीने वाढतो. म्हणजे दोन मिलिमीटर जाडी गाठण्यास सुमारे ५०० दिवस, दीड वर्षाहून थोडा कमी काळ, लागतो. काम अहोरात्र चालू असले तरी त्याला दिवसाचा ताल असतो. प्रत्येक दिवसाच्या कामाची एक आडवी खूण कांडीवर उमटते. अशा सहा ते बारा दिवसांच्या खुणांनंतर एक ठळक रेषा येते. स्वीडिश शरीरशास्त्रज्ञ अँडर्स रेट्झियस यांच्या नावाने त्या रेषा ओळखल्या जातात. झाड कापले असता खोडात वर्षांची वलये दिसतात. दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला असता दिवसांची वलये दिसतात.

या खुणांत एक रेषा विशेष लक्षणीय असते. जन्माच्या वेळी बालकाचे पोषण, श्वसन, तापमान सारेच एकाएकी पालटते. त्या बदलाचा परिणाम दंतवल्कजनक पेशींवरही होतो व त्या दिवसाची एक स्पष्ट रेषा दंतवल्कात कायमची राहते. सर्व दुधाच्या दातांत आणि बहुधा पहिल्या कायमच्या दाढेतही ती आढळते. मनुष्याचा जन्मदिवस त्याच्या दातांत असा कोरलेला असतो.

दुसरी अवस्था : खनिजांचा भरणा

पूर्ण जाडी आली की दंतवल्कजनक पेशींत मोठा पालट होतो. त्या आखूड होतात आणि त्यांच्या टोकाचा शंकू नाहीसा होतो. त्यांतील सुमारे एक चतुर्थांश पेशी या वेळी मरतात. पुढे आणखी तितक्याच मरतात. उरलेल्या पेशी आता नवे बांधकाम करीत नाहीत. झालेल्या बांधकामातील नको ते काढून घेणे आणि हवे ते आत पोहोचविणे, हे त्यांचे काम होय.

नको ते म्हणजे प्रथिने व पाणी. पहिल्या अवस्थेपासूनच एक एंझाइम अमेलोजेनिनचे तुकडे करीत असते. दुसऱ्या अवस्थेत कॅलिक्रीन-४ नावाचे दुसरे, अधिक प्रभावी एंझाइम सोडले जाते. ते उरलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते व ते तुकडे दंतवल्काबाहेर शोषून घेतले जातात. त्याच वेळी पेशी रक्तातून कॅल्शियम व फॉस्फेट घेऊन ते आत पाठवितात. प्रथिने गेल्याने मोकळ्या झालेल्या जागेत खनिज बसू लागते. फितींची रुंदी व जाडी वाढत जाते आणि अखेर त्या शेजारच्या फितींना भिडतात.

हे कसे घडते याची कल्पना खडीसाखरेवरून येईल. खडीसाखर करताना साखरेच्या दाट पाकात दोरा सोडतात. दोऱ्यावर प्रथम बारीक कण धरतात आणि पाकातील साखर त्यांच्यावर बसत जाऊन त्यांचे मोठे खडे होतात. दंतवल्कातही पहिल्या अवस्थेतील फिती हे मूळ कण होत व दुसऱ्या अवस्थेतील द्रव हा पाक होय. मात्र एक भेद आहे. खडीसाखरेचे खडे वाटेल त्या दिशेने वाढतात. येथे दिशा व जागा आधीच आखून दिलेली असते.

या कामात एक अडचण उद्भवते. कॅल्शियम व फॉस्फेट यांपासून हायड्रॉक्सिॲपेटाइट बनताना हायड्रोजनचे आयन मोकळे होतात आणि भोवतालचा द्रव अम्लधर्मी होऊ लागतो. ॲपेटाइट अम्लात विरघळते. म्हणजे जसजसा स्फटिक वाढेल, तसतशी त्याची वाढ खुंटविणारी परिस्थिती त्याच्याच वाढीमुळे निर्माण होणार! पेशी ही अडचण बायकार्बोनेटच्या साह्याने दूर करतात. बायकार्बोनेट अम्ल शोषून घेते व द्रव पुन्हा उदासीन होतो. या अवस्थेत पेशींची टोके आलटून पालटून दोन रूपे धारण करतात. काही काळ ती चुणीदार असतात, तर काही काळ सपाट. चुणीदार टोकांखाली स्फटिकांची वाढ झपाट्याने होते व द्रव अम्लधर्मी होत जातो. सपाट टोकांखाली तो पुन्हा उदासीन होतो आणि प्रथिनांचे तुकडे बाहेर पडतात. उंदराच्या दातात ही अदलाबदल दिवसातून सुमारे तीन वेळा होते. उंदराचे पटाशीचे दात जन्मभर वाढत असल्यामुळे त्याच्या एकाच दातात दंतवल्काच्या सर्व अवस्था ओळीने पाहावयास मिळतात. या विषयातील पुष्कळसे ज्ञान त्याच्याच दातांवरून मिळाले आहे.

खनिजांचा हा भरणा सावकाश चालतो. दंतवल्काच्या एकूण घडणीच्या काळापैकी सुमारे दोन तृतीयांश काळ या अवस्थेतच जातो. ती संपली की उरलेल्या पेशींचे एक पातळ आवरण दातावर राहते आणि दात तोंडात येताना तेही नष्ट होते.

कोणत्या दाताची घडण केव्हा होते?

सर्व दातांचे काम एकाच वेळी चालत नाही. दुधाच्या दातांच्या दंतवल्काचा आरंभ गर्भात होतो व जन्मानंतर सुमारे एका वर्षात ते पूर्ण होते. पहिल्या कायमच्या दाढेचा आरंभ जन्माच्या सुमारास होतो. तिचा माथा अडीच ते तीन वर्षांच्या वयात पुरा होतो आणि ती सहाव्या वर्षी बाहेर येते. मधल्या कायमच्या पटाशीच्या दातांचा आरंभ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होतो, माथा चार ते पाच वर्षांच्या वयात पुरा होतो आणि दात सातव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागतात. अक्कलदाढेचे दंतवल्क मात्र सात ते दहा वर्षांच्या वयात घडू लागते.

यावरून एक गोष्ट उघड होते. दंतवल्कात दोष आढळला, तर त्याचे कारण दात उगवला त्या वर्षात शोधून उपयोग नाही. ते कित्येक वर्षे मागे जाऊन शोधावे लागते. दीर्घ आजार, जीवनसत्त्व ड अथवा कॅल्शियम यांची उणीव, यांच्या खुणा खळगे व रेषा यांच्या रूपाने राहू शकतात. टेट्रासायक्लिन हे औषध कॅल्शियमशी जोडले जाऊन घडत्या दातांत अडकते व दात पिवळट-करडे होतात. म्हणून ते गरोदरपणाच्या उत्तरार्धात व आठ वर्षांखालील मुलांना देण्याचे सामान्यतः टाळतात. काही घराण्यांत प्रथिनांच्या अथवा एंझाइमांच्या जनुकांतच दोष असतो आणि सर्वच दातांचे दंतवल्क पातळ किंवा मऊ राहते.

कोलोरॅडोचे डाग आणि नेल्लोरचे पाणी

फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसाय करू लागला. गावातील पुष्कळ लोकांच्या दातांवर तपकिरी डाग असलेले त्याला दिसले. १९०९ मध्ये दंतशास्त्राचे विख्यात अभ्यासक ग्रीन व्हर्डिमन ब्लॅक हे त्याच्या साह्यास आले. दोघांच्या पाहणीत असे आढळले की, जे लोक बालपणापासून त्या गावी राहिले त्यांच्याच दातांवर डाग होते. मोठेपणी येऊन स्थायिक झालेल्यांचे दात स्वच्छ होते. अर्थात, दात घडत असतानाच काहीतरी बिघडत होते. शिवाय डागाळलेले दात सहसा किडत नाहीत, हेही त्यांना आश्चर्यकारक वाटले.

पुढे आयडाहो राज्यातील ओकली गावातही असे डाग दिसू लागले. दूरच्या उष्ण झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यानंतर हे सुरू झाले होते. मॅकेच्या सल्ल्यावरून १९२५ मध्ये गावाने तो झरा सोडून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेतले. काही वर्षांत लहान मुलांचे नवे दात निष्कलंक येऊ लागले. पाण्यातील दोषी पदार्थ कोणता, याचा उलगडा १९३१ मध्ये झाला. एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने अशा गावांच्या पाण्याची वर्णपटाच्या साह्याने तपासणी केली असता त्यात फ्ल्युओराइडचे प्रमाण फार मोठे आढळले. त्याच वर्षी ॲरिझोना विद्यापीठात मार्गारेट स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून या निष्कर्षास पुष्टी दिली.

अधिक फ्ल्युओराइड पोटात गेले असता घडत्या दंतवल्कातील प्रथिने वेळेवर बाहेर पडत नाहीत. त्यांनी अडविलेल्या जागेत खनिज बसू शकत नाही. पृष्ठभागाखाली सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि दात खडूसारखा पांढरट दिसतो. तोंडात आल्यावर या पोकळ्यांत रंग शोषला जाऊन तपकिरी डाग पडतात. विकार तीव्र असल्यास वरचा थर तुटून खळगे होतात. खनिज-भरण्याची अवस्था या दृष्टीने विशेष नाजूक असते. पुढच्या दातांपुरते बोलावयाचे तर पहिली तीन-चार वर्षे फार जपावयाची असतात.

भारतात या विकाराचे शास्त्रीय वर्णन १९३७ मध्ये एच. ई. शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात त्यांना डागाळलेल्या दातांबरोबरच सांधे व पाठीचा कणा ताठरलेली माणसे आढळली. ग्रॅनाइटसारख्या काही खडकांतील खनिजांतून फ्ल्युओराइड भूजलात उतरते. महाराष्ट्रातील चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांतही हा प्रश्न आहे. अशा पाण्याला वेगळा रंग, वास अथवा चव नसते. पाणी उकळल्याने फ्ल्युओराइड जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. ते केवळ तपासणीनेच कळते. भारतीय मानकानुसार एक लिटर पिण्याच्या पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्ल्युओराइड असावे. दुसरा साठा उपलब्ध नसेल तेथे १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. दूषित पाण्यासाठी नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने एक सोपी रीत विकसित केली. पाण्यात तुरटी, चुना व विरंजक चूर्ण मिसळून ते ढवळावयाचे, गाळ खाली बसू द्यावयाचा आणि वरचे पाणी गाळून घ्यावयाचे. तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यावरून तिला नलगोंडा पद्धती म्हणतात.

दात तोंडात आल्यानंतर

तोंडात आलेल्या दंतवल्कात जिवंत पेशी नसली तरी खनिजांची ये-जा थांबत नाही. गोड अथवा पिठूळ अन्नाचे कण दातांवर राहिले की जंतू त्यांपासून अम्ल तयार करतात. दाताजवळचा पीएच सुमारे ५.५ च्या खाली उतरला की दंतवल्कातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागते. नंतर लाळ अम्लाचे निवारण करते व तिच्यातील खनिजे पुन्हा स्फटिकांवर बसतात. दिवसभर ही देवघेव चालू असते. झीज भरपाईहून सतत अधिक होत राहिली, तर पृष्ठभागाखालचा भाग पोकळ होऊन अखेर कीड लागते.

येथे फ्ल्युओराइडचे दुसरे रूप दिसते. लाळेत ते अल्प प्रमाणात असले, तर खनिज परत बसण्यास साह्य होते आणि नवे स्फटिक अम्लाला अधिक दाद देत नाहीत. मॅके व ब्लॅक यांना पडलेल्या कोड्याचे उत्तर यात आहे. घडणीच्या काळात पोटात गेलेले अधिक फ्ल्युओराइड अपाय करते. दात आल्यावर त्याच्या पृष्ठभागाला लागलेले थोडे फ्ल्युओराइड उपकारक ठरते. म्हणूनच तीन वर्षांखालील मुलासाठी फ्ल्युओराइडयुक्त टूथपेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी व त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी घ्यावी आणि मुलाने ती गिळू नये, असे दंतवैद्य सांगतात. जेथे पाण्यातच फ्ल्युओराइड अधिक आहे, तेथे याबाबत त्यांचा सल्ला अवश्य घ्यावा.

लाळ बारीक झीज भरून काढते. परंतु एकदा पडलेला खळगा ती भरू शकत नाही, अथवा घडणीत राहिलेली उणीव दूर करू शकत नाही. ते काम ज्या पेशींचे होते, त्या निघून गेलेल्या असतात. मुलाच्या तोंडात कायमचा एकही दात दिसत नाही, त्याच वर्षांत त्याच्या जबड्यात हे काम चालू असते. त्या वर्षांत मातेला व बालकाला पुरेसा आहार मिळणे आणि ज्या विहिरीचे पाणी मूल पिते त्या विहिरीची तपासणी होणे, या दोन गोष्टी साध्या आहेत. त्या करण्याची वेळ मात्र प्रत्येक मुलाच्या आयुष्यात एकदाच येते.